टोपावरचा ‘बा’

बायजाकाकी. मुंबईत मी ज्या माणसांमुळे जगलो त्यांत पहिलं नाव तिचं. आईने जन्म दिला, गावच्या शाळेने लिहायला-वाचायला शिकवलं, पण माझ्या अंगावरचं मांस लालबागच्या या खानावळवालीच्या भाकरीचं आहे. म्हणून तिचं नाव आधी घेतो. आणि तिचं नाव घेतलं की दादरच्या त्या मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर समोर येतं, आणि मोरीत पडलेला तिचा डाव.

सकाळचे नऊ वाजले असतील. कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा होता. चाळीसेक माणसांची आमटी शेगडीवर होती. मी तिथला कारकून, दाराशी पानसुपारीचं तबक लावत होतो. मालकीणबाई आत आल्या. त्यांना सगळे माई म्हणत. त्यांनी आमटीच्या भांड्यात पाहिलं. आत जो डाव होता त्याची दांडी वाकडी होती. कार्यालयाचे सगळे डाव सरळ दांडीचे.

माईंनी वर्तमानपत्राचा तुकडा फाडला. त्या तुकड्याने दांडी धरली, डाव बाहेर काढला आणि मागच्या दारापाशी पीठ मळत बसलेल्या काकीसमोर मोरीत टाकला. मग आचाऱ्याला म्हणाल्या,

“ओतून द्या सगळी.”

चाळीस माणसांची आमटी मोरीत गेली. आमसुलाचा आणि गोड्या मसाल्याचा वास मोरीतून बराच वेळ येत राहिला.

माई ओरडल्या नाहीत. अशा माणसांना ओरडावं लागत नाही. काकी उठली, डाव उचलला, नळाखाली धुतला, पदराला पुसला आणि पुन्हा पीठ मळायला बसली. चूक तिची नव्हती. आचाऱ्यानेच घाईत हाताला लागला तो डाव घेतला होता. मी ते पाहिलं होतं. आचारी छताकडे बघत राहिला. मीही छताकडे बघत राहिलो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी काही बोललो ते ऐकून कुणी मला शूर समजेल.

काकी मूळची आमच्याच गावची. तिचा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती चौदा गिरणीकामगारांना जेवू घालायची. पाळीप्रमाणे माणसं यायची, पाटावर बसायची, जेवायची, जायची. मी बी.ए. करायला आलो तेव्हा बापाने तिच्या नावाने चिठ्ठी दिली होती. तिला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी तिने उलटी धरली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “ह्येच्यात काय लिवला असताला तां माका कळला. बस जेवूक.” त्या दिवसापासून परीक्षेच्या निकालापर्यंत मी तिथे जेवलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे, पण त्याच्यामागे कुळथाची पिठी आहे.

मग संप झाला. चौदा माणसांची दहा झाली, दहाची चार. कुणी गावी गेलं, कुणी भाजी विकू लागलं. नवरा घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागला. खानावळ कुणी बंद केली नाही. जेवायला माणूस उरला नाही, एवढंच. एका सकाळी काकीने स्टोव्ह उचलला, खानावळीचा मोठा टोप उचलला आणि परळला इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर जाऊन बसली. आत पेशंट आणि बाहेर त्यांची गावाकडून आलेली माणसं. त्यांना भाकरी आणि उसळ लागते. हळूहळू तिथे पाच जणी झाल्या. वरळीकडची पारूबाई कोळीण, करी रोडची यमुना आणि आणखी दोघी.

महापालिकेची गाडी आली की स्टोव्ह जायचे. शिजत्या उसळीसकट. विकण्यापेक्षा फुटपाथवर रांधणं हाच मोठा गुन्हा होता. रांधायला आडोसा मिळाला तर त्या तयार अन्न घेऊन बसल्या असत्या, आणि गाडी दिसली की टोपली उचलून गल्लीत शिरल्या असत्या. त्यांचं सगळं जगणं एवढ्यावर अडलं होतं. सकाळचे तीन तास आणि एक शेगडी.

मी तेव्हा त्या कार्यालयात नोकरीला लागलो होतो. तिथलं स्वयंपाकघर आमच्या गावच्या शाळेएवढं. लग्न नसेल त्या दिवशी रिकामं. असलं तरी सकाळी एखाददुसरी शेगडी सोडली तर रिकामंच, कारण जेवणावळी दुपारच्या. मी मालकांना विचारलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी माझं बोलणं डोळे मिटून ऐकलं. संपावर त्यांचं मत होतं. सगळ्याच गोष्टींवर त्यांचं मत होतं. ते म्हणाले की गिरणगावचं हे दुःख आपण पांढरपेशांनी वाटून घेतलं पाहिजे. वाटून घ्यायचं म्हणजे काय, तर बायकांनी भाडं द्यायचं, मागच्या गल्लीतून यायचं, मोरीजवळचा नळ वापरायचा, दहाच्या आत निघायचं आणि मासळी आणायची नाही. पारूबाई कोळीण. ती मासे घरी तळायची आणि इथे फक्त तांदळाच्या भाकऱ्या थापायची. त्यातही माई मागून येऊन हवेत वास घ्यायच्या.

मी तात्यांचे आभार मानले. मनापासून मानले. मला आभार मानायची सवय होती. छोट्या गावात शिकलेल्या मुलाला पहिला धडा तोच देतात.

डावाच्या त्या प्रकारानंतर तात्यांनी मला बोलावलं. म्हणाले, “हे पाहा, आम्ही जातपात मानत नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे.”

स्वच्छता. कार्यालयाच्या कोठीत हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यामागे झुरळं होती. आचारी रोज चपलेने मारायचा. पण ती आतली झुरळं होती.

तात्यांचं म्हणणं असं की दोन्हीकडचे टोप, पराती, डाव सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. कार्यालयाच्या भांड्यांवर कार्यालयाचं नाव आहेच. या बायकांच्या भांड्यांवर काहीतरी खूण घालावी. माझं अक्षर चांगलं. मी ती घालावी. खूण म्हणून त्यांनीच ‘फे’ सुचवला. फेरीवाल्यांचा ‘फे’.

मला तो शब्द खटकला. मी मराठी विषय घेऊन पदवी मिळवलेला. म्हटलं, तात्या, फेरीवाले हा शब्द जरा कमीपणाचा वाटतो. ‘बाहेरचे’ म्हणू. ‘बा’ घालू. तात्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, सुसंस्कृतपणा तो हाच. मी फुलून गेलो. दोन दिवस फुललेलाच होतो.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भेट दिलेल्या भांड्यावर. मामाकडून भाचीला, सासरकडून सुनेला. काकीला कुणी कधी भांडं भेट दिलं नव्हतं. तिचं लग्न दुष्काळात झालं होतं. खानावळीची भांडी तिने स्वतः घेतली होती, आणि स्वतः घेतलेल्या भांड्यावर कोण नाव घालणार? तीस वर्षं तिचा टोप बिननावाचा होता.

मी छिन्नी-हातोडी घेऊन बसलो. ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचं. पहिला टोप तिचाच घेतला. ती पीठ झटकत आली, वाकून बघू लागली.

“काय लिवतंस रे?”

मी खरं सांगू शकलो असतो. पण मला तिचं तोंड दिसलं. म्हटलं, “तुझं नाव घालतोय काकी. बा. बायजाचा बा.”

ती तिथेच खाली बसली. अक्षरावरून बोट फिरवलं. उभी रेघ, पोटातला गोल, शेजारचा काना. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या दिवशी यमुनाने मला सांगितलं की काकी रात्री घरी भाकरीच्या पिठात बोटाने ‘बा’ काढून नवऱ्याला दाखवत होती. संपानंतर तो माणूस पहिल्यांदा हसला म्हणे.

हे ऐकूनही मी उरलेल्या भांड्यांवर ‘बा’ घालत राहिलो. रोज थोडी भांडी. काकी आली की पुढ्यातलं भांडं पालथं ठेवायचो. असा माझा सुसंस्कृतपणा.

आठवडा गेला. एका सकाळी पारूबाई परात घासत होती. काकी तिच्याशेजारी उभी होती. तिला आता एक अक्षर येत होतं. एकच. ते तिला परातीच्या काठावर दिसलं.

“पारू, ह्या माजा नाव. ह्या तुज्या परातीर कित्याक?”

पारूबाईने परात फिरवून पाहिली. तिलाही वाचता येत नव्हतं. म्हणाली, “अगो बाय, माज्या टोपाव पन हाय. यमुनाच्या पन हाय. समद्यांना बायजाच केलान यानं.” आणि हसली. मग पाचही जणींनी आपापली भांडी उलटीसुलटी करून पाहिली. सगळीकडे ‘बा’. हसणं थांबलं आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी म्हटलं, “बा म्हणजे बाहेरचे. भांडी मिसळू नयेत म्हणून.”

शेगडीवर भाकरी करपू लागली. यमुनाने ती उचलली.

मग काकी म्हणाली, “बाहेरची?” आणि थांबली. “बाहेरची तीन दिवस आसता रे. माजा तर धा वर्सांपूर्वीच बंद झाला. आता ह्या कार्यालयात येवन मी बारा म्हयने बाहेरची?”

पारूबाई खदखदून हसली. सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मी बी.ए. झालेलो, भाषेचे बारकावे शिकलेलो. आमच्याच घरात आई तीन दिवस दाराशी गोणपाटावर बसायची, तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. विचारलं तर म्हणायची, बाहेरची आहे. तो शब्द ऐकत मी वाढलो. आणि तोच शब्द मी सभ्य म्हणून निवडला. पाच बायकांच्या भांड्यांवर ठोकला.

काकी चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, “तुका दुसरो शब्द गावलो नाय?”

त्या दिवसापासून तिने टोपाच्या त्या बाजूला बोट लावलं नाही. टोप उचलताना हात फिरवून धरायची. मी दुपारचं जेवण त्यांच्याकडे मोरीजवळ बसून करू लागलो. प्रायश्चित्त वगैरे म्हणायचं तर म्हणा. माईंच्या ते लक्षात आलं. माझं स्टीलचं ताट कार्यालयाच्या फळीवर असायचं. एक दिवस ते मोरीजवळ ठेवलेलं दिसलं. माई जाताजाता म्हणाल्या, “त्याच्यावरही खूण करून घ्या. तुम्हाला येतेच.”

मी खूण केली नाही. पण बोललोही नाही. ताट उचललं आणि तिथेच जेवलो.

पुढच्या महिन्यात तात्यांनी एका महिला मंडळाला बोलावलं. सात-आठ बाया आल्या, हातात पर्सा, केसांत अबोलीचे गजरे. तात्यांना आपलं समाजकार्य दाखवायचं होतं. पाचही जणींना चांगली लुगडी नेसून यायला सांगितलं होतं. भांडी घासून ओट्यावर मांडली होती. मला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते. तात्यांनीच ते लिहून दिले होते. आभारही त्यांनीच लिहायचे, स्वतःचे.

तात्या बोलले. संपग्रस्त भगिनी म्हणाले. स्वावलंबन म्हणाले. एकाच छताखाली सगळ्यांची चूल म्हणाले. पाच जणी लग्नातल्या करवल्यांसारख्या रांगेत उभ्या होत्या. पाहुण्यांपैकी एक म्हातारी बाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेली असावी, चष्मा वर करून भांडी बघत होती. तिने काकीच्या टोपावर बोट ठेवलं.

“हा ‘बा’ कशाचा हो?”

तात्या एक क्षण थांबले. एकच. मग हसून म्हणाले, “बायकांचा. हे बायकांचं स्वयंपाकघर ना.”

वा, वा, असं झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी हादरलो ते तात्या खोटं बोलले म्हणून नाही. ते हुबेहूब माझ्यासारखं खोटं बोलले म्हणून. तेच अक्षर, तेवढीच चपळाई, तसंच हसणं. इतकी वर्षं मी त्यांच्यासारखं व्हायची धडपड करत होतो. झालो होतो की.

काकी माझ्याकडे बघत होती. विनवणी नाही, राग नाही. पाटावर बसलेल्या माणसाला आणखी वाढू का, असं विचारताना बघायची तसं.

मी आभाराचा कागद घडी करून खिशात घातला. म्हटलं, “बा म्हणजे बाहेरचे. यांची भांडी कार्यालयाच्या भांड्यांना लागू नयेत म्हणून ही खूण आहे. शब्द मी सुचवला. अक्षर मी ठोकलं. तात्यांना माहीत आहे.”

टाळ्या वाजवणारी बाई आपल्या हातांकडे बघू लागली. तात्या पाहुण्यांना म्हणाले, “यांची तब्येत जरा बरी नाही.” अजूनही तेच सौजन्य. मी फेकून दिलेलं वाक्यसुद्धा त्यांनी रुमालाने उचललं. माईंना मात्र राहवलं नाही. म्हणाल्या, “खाल्ल्या ताटाची तरी आठवण ठेवावी माणसाने.”

मी म्हटलं, “ठेवली आहे, माई. जिच्या ताटात खाल्लं ती बाई ही उभी आहे.”

एवढंच. आरडाओरडा नाही, कुणी धक्का मारला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला. चांगला झालाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराला कुलूप होतं. भांडी गल्लीत भिंतीला लावून ठेवलेली. नीट रचून, वर माझं ताट. पाच जणी पिठाच्या पिशव्या घेऊन उभ्या. मी पोहोचलो. वाटलं होतं, निदान काकी पाठीवर हात ठेवील.

काकी म्हणाली, “खरां बोललंस. पण आमका इचारलंस?”

मी वाकून ढिगावरचं माझं ताट उचललं.

“अक्षर घातलंस तेव्हा इचारूक नाय. तां उघड्यार केलंस तेव्हाय इचारूक नाय. तुजी नोकरी गेली, तुका दुसरी गावतली. आमची चूल खंय गावतली?”

टोप डोक्यावर घेऊन ती परळच्या दिशेने चालू लागली. बाकीच्या मागोमाग. मी त्यांच्या मागे काही अंतर ठेवून गेलो. जवळ जायची लाज वाटत होती.

त्यानंतर तिने जेमतेम महिनाभर फुटपाथ धरला. मग गाडी आली आणि स्टोव्ह, परात, टोप सगळं घेऊन गेली. नवऱ्याला घेऊन ती गावी निघून गेली. मला न सांगता. मी महापालिकेच्या गोदामात खेपा घातल्या. तिथे टोपांचा ढीग होता, सगळे सारखे, चेपलेले, काळे. माणूस म्हणाला, ओळख पटवा. मला वेळ लागला नाही. खूण मीच घातली होती.

मग तिला पत्र लिहिलं. ते असं.

तीर्थस्वरूप बायजाकाकीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुला शेजारची मुलगी वाचून दाखवील. तिला सावकाश वाचायला सांग. मध्ये वाटलं तर थांबव, पण पत्र शेवटपर्यंत ऐक.

टोप सापडला. एका बाजूला चेपलाय, पण गळत नाही. पारूबाई, यमुना आणि त्या दोघी आता करी रोडला एका बंद पडलेल्या खानावळीत रांधतात. खोली यमुनानेच शोधली. मी फक्त अर्ज लिहिले, आणि प्रत्येक अर्ज आधी त्यांना वाचून दाखवला. दोन वेळा त्यांनी शब्द बदलायला लावले. मी बदलले. एक नळ, एक मोरी. पारूच्या डावाला बोंबलाचा वास येतो म्हणून यमुना तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तोच डाव घेऊन उसळ ढवळत होती. भांडी मिसळतात. भांडणं होतात. खूण कुणी घालत नाही.

तात्यांनी निरोप पाठवला होता. माफी मागितली तर परत घेतो म्हणाले, वर पगारवाढ. त्यांना आता एका सभेसाठी भाषण लिहून हवंय. गिरणगावाविषयी. मी उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर देण्याइतकीही भाषा मी आता खर्च करणार नाही.

काकी, माफ कर असं लिहिणार होतो. खोडलं. माफी मागितली की तू देशील, आणि मी पुन्हा तुझ्याच ताटात जेवून मोकळा होईन. तशी माफी नको. तू विचारलं होतंस, तुला दुसरा शब्द मिळाला नाही का. मिळाला नाही, कारण मी तो त्यांच्यासाठी शोधत होतो. यापुढे त्यांच्या मनातल्या घाणीला मी शुद्ध मराठी शब्द काढून देणार नाही. ‘फे’ नाही, ‘बा’ नाही, काहीच नाही. त्यांना किळस करायची असेल तर स्वतःच्या तोंडाने करू दे, स्वतःच्या शब्दात, उघड. आणि तुमच्या वतीने बोलायचं असेल तर आधी तुम्हाला विचारीन. नाही म्हणालात तर तोंड बंद ठेवीन.

खानावळीत एक शेगडी रिकामी आहे. पारूबाईने सांगितलंय म्हणून लिहितो. यायचं की नाही ते तू ठरव.

टोपावरचं अक्षर घासून काढू का, असं यमुनाने विचारलं. मी नको म्हटलं. टोप तुझा आहे, तू सांगशील तर काढीन. माझं विचारशील तर ते राहू दे. तो ‘बा’ तुझा नव्हता, बायकांचा नव्हता, बाहेरच्यांचाही नव्हता. अक्षर माझं आहे.